बोगद्यातला सांधा

१

ठिणगी घरी आली की पिशवी आपल्या खोलीत भिरकावायची, मागे न बघता हात करायची आणि दार धाडकन लोटायची. तो आवाज ऐकला की स्वयंपाकघरात आई चहाचं आधण ठेवायची. कॉलेजच्या दिवसांपासूनची ही रीत. "मी आले" असं तोंडानं सांगायची वेळ कधी आलीच नव्हती.

या खेपेला तिनं पिशवी भिरकावली, मागे हात केला आणि तो हवेतून तसाच परत आला. खोलीला दार नव्हतं. चौकट होती, बिजागऱ्यांच्या जागी उघडी भोकं होती आणि दार खोलीच्या मधोमध सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवं पडलं होतं. त्यावर एक डोंगर उगवला होता.

"आतून पोकळ असतं दार," बाबा मागून म्हणाले. "हलकं, पण वाकत नाही. एवढी सरळ फळी बाजारात शोधून सापडायची नाही."

ठिणगीनं विचारलं की मग मी लोटायचं काय? बाबांनी चष्मा वर केला आणि तू इथं राहतेस कुठं, असं उलट विचारलं. त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. नकाशावरचं माप वाचून दाखवावं तसा आवाज.

जन्मभर ते पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढत होते. निवृत्त झाल्यावर घरातल्या नळांना नावं ठेवून झाली, शेजाऱ्यांच्या नळांना ठेवून झाली, आणि मग हे खूळ डोक्यात शिरलं. छोटी नॅरोगेज. डोंगरातल्या अरुंद रुळांवरची गाडी घट्ट वळणं घेते, म्हणून एका दाराएवढ्या जागेत तिचा सगळा फेरा बसतो. पुढच्या बाजूला स्टेशन, लाकडाची वखार, वापरलेली चहापूड वाळवून पसरलेली जमीन, रंगवलेल्या भुशाचं गवत. मागची अर्धी बाजू डोंगरानं व्यापलेली. तारेची जाळी, त्यावर कागदाच्या पट्ट्या, त्यावर प्लास्टर. डोंगराच्या दोन टोकांना बोगद्याची दोन तोंडं, एका वाटीएवढी. काम देखणं होतं, हे ठिणगीला मनातल्या मनात कबूल करावं लागलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

चहा मात्र आला नाही. दाराचा आवाजच झाला नव्हता ना.

२

ती आली होती आईला न्यायला. दूरच्या शहरात नोकरी लागली होती, दोन खोल्यांची जागा घेतली होती, एका खोलीला खिडकी जास्त होती ती आईसाठी ठेवली होती. हे सगळं फोनवर महिनाभर चाललं होतं. आधी आईचं ते नेहमीचं, "बघू गं, यांचं जेवणखाण कोण बघेल." मग एक दिवस तिनं आपण होऊन फोन केला आणि हळू आवाजात म्हणाली, "ये. लवकर ये तू."

ठिणगीनं पुढचं काही विचारलंच नाही. आईनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं होतं, त्यात कशाला चौकशा. परतीची, दुसऱ्या दिवशी सकाळची टॅक्सी ठरवूनच ती आली होती, म्हणजे कुणाचं मन बदलायला सवड नको.

भांडण होणार हे तिनं धरूनच ठेवलं होतं. गाडीत बसल्या बसल्या बाबांना द्यायची उत्तरं तयार केली होती, एकाहून एक झणझणीत. पण जेवताना तिनं विषय काढला तर बाबा पाणी प्यायले आणि म्हणाले, "जाऊ दे की. तिचं तिनं ठरवलंय. गाडीचं बघायला कुणीतरी असलं म्हणजे झालं."

"गाडीचं तुम्ही बघा ना. तुमचीच आहे."

बाबा यावर आईकडे बघून हसले. आईही हसली. दोघांनी मिळून हसावं असं या घरात वर्षानुवर्षं काही घडलं नव्हतं, त्यामुळे ठिणगीला जरा चुकल्यासारखंच झालं. आणखी एक गोष्ट तिच्या नजरेला टोचत होती, पण पटकन सापडत नव्हती. आई वाढत होती, भांडी उचलत होती, सगळं डाव्या हातानं. उकाडा असून अंगात लांब बाह्यांचा स्वेटर होता आणि उजवी बाही बोटांच्याही खाली लोंबत होती.

३

दुपारी शेजारच्या काकू गाडी बघायला आल्या. त्या रोज यायच्या असं दिसलं, कारण स्टूल कुठं असतं ते त्यांना माहीत होतं.

बाबांनी बटण फिरवलं. इवलंसं इंजिन तीन डबे घेऊन स्टेशनातून निघालं, वखारीला वळसा घातला आणि बोगद्यात शिरलं. आतली घरघर जरा वेळ ऐकू आली. मग खट्ट झालं आणि सगळं शांत.

"अगं," बाबा म्हणाले. एवढंच.

आई स्वयंपाकघरातून आली. गुडघ्यांवर बसली, बाही वर न सारता उजवा हात बोगद्याच्या तोंडाशी नेला आणि आत घातला. मनगट गेलं. मग कोपर गेलं. ठिणगी डोंगराच्या दुसऱ्या तोंडाकडे बघत राहिली. डोंगर तो केवढासा! एवढा हात आत गेल्यावर त्या बाजूनं बोटं दिसायला हवी होती. दिसली नाहीत. आईची मान किंचित कलली होती. फोनवर पलीकडचं माणूस हळू बोलत असलं की कलते तशी. बाबा खिडकीबाहेर बघत होते. काकू आपल्या कपात बघत होत्या.

हात बाहेर आला तेव्हा मुठीत डबा होता. आईनं तो डाव्या हातानं काढून बाबांना दिला आणि बाही खाली ओढली.

ठिणगीचं डोकं तापलं. या माणसानं तिला लहानपणापासून जेवताना एकच मंत्र ऐकवला होता. जिथं हात पोचत नाही तिथं सांधा ठेवायचा नाही. पाइप असो नाहीतर आणखी काही, फुटतं ते सांध्यातच. आणि स्वतः मात्र रुळाचा सांधा नेमका बोगद्याच्या पोटात ठेवला, वरून डोंगर कायमचा चिकटवून टाकला, त्याला हात घालायला झडप ठेवायची विसरले, आणि आता डबा रोज तिथंच घसरतोय. ती म्हणाली, डोंगर फोडा, सांधा पुढे घ्या, पुन्हा बांधा. चूक झाली तर झाली.

"चूक कसली?" बाबा म्हणाले. "हात पोचतो की. तुझ्या आईचा पोचतो."

"आधी कुठं पोचत होता," काकू कपातच बघत म्हणाल्या. "आता जमतंय त्यांना."

आई उठत होती. ठिणगीनं विचारलं, "तुझं घड्याळ कुठंय?" पहिल्या नोकरीतून तिनं आईला घेऊन दिलेलं, बारीक पट्ट्याचं. आई ते अंघोळीलासुद्धा काढायची नाही.

"सैल व्हायला लागलं होतं," आई म्हणाली. "आत पडलं."

४

स्वयंपाकघरात ठिणगीनं आईची बाही धरली आणि वर सारली. आईनं विरोध केला नाही. ती दुसरीकडे बघत राहिली, दवाखान्यात सुई टोचताना बघतात तसं.

हात लहान होता.

वाळलेला नव्हता, सुजलेला नव्हता, वाकडा नव्हता. कातडी छान घट्ट होती, नखं गुलाबी होती. फक्त तो लहान होता. शाळेत जायला लागलेल्या पोरीचा असतो तेवढा. कोपराच्या वर आई होती आणि खाली हे होतं, आणि दोन्ही कुठं जोडलंय ते शोधूनही सापडत नव्हतं. ठिणगीनं अंगठ्याच्या बुडाशी बोट फिरवलं. तिथं आईला इस्त्रीच्या चटक्याचा जाड वण होता. लहानपणी रस्ता ओलांडताना आई बोटं धरायची नाही, ही पोरगी बोटं सोडवून पळते म्हणून थेट मनगट पकडायची, आणि तो वण ठिणगीच्या मनगटाला घासायचा. डोळे मिटूनही तिला तो ओळखता आला असता.

तिथं वण नव्हता. गुळगुळीत होतं.

शिरांचा आजार असेल, तिनं स्वतःला बजावलं. स्नायू झिजतात, ऐकलंय आपण. वणसुद्धा फिका पडत असेल. पण हाडं आखूड होतात का, हा प्रश्न आला आणि तो तिनं लगेच ढकलून दिला, कारण त्याच्यामागे आणखी उभे होते. उद्या तिकडे पोचलं की आधी मोठा डॉक्टर, मग बाकीचं.

"दुखतं?"

"आधी दुखायचं. आता नाही."

"कुणाला दाखवलंस?"

"यांना दाखवलं ना."

"मग? काय म्हणाले?"

आईनं बाही खाली केली. बोटं लोकरीत गेली. "सोयीचंच झालं म्हणाले."

५

बाबा दुपारचे झोपले तेव्हा ठिणगी हातोडी घेऊन खोलीत आली. इतक्या वर्षांत या घरात जे जे मोडायला हवं होतं त्याची सुरुवात तरी आज करू, असा तिचा बेत होता.

आधी तिनं दाराखाली वाकून बघितलं. सपाट प्लायवूड, लहानपणी तिनंच चिकटवलेला एक स्टिकर, दुसरं काही नाही. भिंत हातभर दूर होती. म्हणजे बोगदा असेल तेवढा डोंगरातच. तिनं प्लास्टरला कान लावला. आत घड्याळ टिकटिकत होतं. टिकटिक जवळची वाटत नव्हती. घरात कोणी नसताना पलीकडच्या खोलीतलं घड्याळ ऐकू येतं तशी होती.

बाबांची मोजपट्टी टेबलावर होती, आपोआप गुंडाळणारी, पोलादी. ठिणगीनं तिचं टोक बोगद्यात सरकवलं. आतला रूळ वळणाचा, पट्टी वळणाबरोबर वळेल आणि पलीकडून बाहेर येईल, साधा हिशोब. पट्टी जात राहिली. डोंगराची लांबी संपली, पट्टी जातच राहिली. दाराची लांबी संपेल एवढी आत गेली आणि दुसऱ्या तोंडाशी काळोखाशिवाय काही नव्हतं. आत गोळा होत असेल, तिनं विचार केला. वेटोळं होत असेल.

मग पट्टी ताणली गेली. हिसका नव्हता. भिंत मोजताना एक जण या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला असला, की दुसरा पट्टी अलगद ताणून धरतो आणि "हं, बघ किती झालं" म्हणतो, तेवढीच ताणली. आणि धरून ठेवली गेली. वाट बघत.

ठिणगीच्या हातून पट्टीची डबी सुटली. पट्टी सपसप डबीत गुंडाळत आली. तिनं टोक उचलून बघितलं. पोलादावर ओलसर वाफ धरली होती, मधोमध अंगठ्याएवढा गोल ठसा, आणि बघता बघता तो विरून गेला.

सांध्यात अडकली होती. खिळ्यात अडकली असेल. हाताला घाम आला होता, तो आपलाच ठसा. ती हे सगळं स्वतःला समजावत असताना चौकटीत आई येऊन उभी राहिली होती. तिनं हातोडीकडे बघितलं.

"नको फोडू," आई म्हणाली. "उद्या आपण जाणारच आहोत. आपल्याला काय करायचंय?"

हे ठिणगीला पटलं. खरं तर ते पटावं अशी तिची फार इच्छा होती. तिनं हातोडी जागेवर ठेवली आणि ज्याचं त्यानं निस्तरावं, आपण सुटलो, असं म्हणून पाठ फिरवली.

रात्री ती बैठकीत झोपली. खोलीला दार नाही, हे कारण तिनं सांगितलं.

६

सकाळी टॅक्सी वेळेवर आली. आईची बॅग कालच भरून तयार होती. चपला घालून, केस विंचरून, ती कधीपासून उभी होती. चेहरा इतका मोकळा की ठिणगीला आपलाच अभिमान वाटला. बाबा खोलीत गाडीपाशी बसले होते. निरोपाला बाहेर आले नाहीत. नका येऊ, ठिणगीनं मनात म्हटलं.

"घड्याळ," आई म्हणाली.

"नवं घेऊ. तिकडे गेल्या गेल्या."

"नको. तू दिलेलं आहे. ते इथं टाकून माझा पाय निघायचा नाही." आई कधी हट्ट करत नसे. आता करत होती, आणि तोही ठिणगीच्या दिलेल्या वस्तूसाठी. "मीच काढलं असतं गं, पण या हातात काही धरवत नाही आता. डबा कसाबसा येतो. पट्टा निसटतो."

टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला. ठिणगी पाय आपटत खोलीत गेली. बाबांनी स्टूल बाजूला घेऊन तिला जागा करून दिली.

ती गुडघ्यांवर बसली. अंगठा तळव्यात दुमडला तेव्हा कुठं पंजा तोंडातून गेला, तोही बोटांच्या सांध्यांची सालं काढत. आत प्लास्टर खरखरीत होतं, मग गुळगुळीत झालं, मग हाताला कडा लागेनाशा झाल्या. गार, मोकळं वाटलं. खिडकीतून हात बाहेर काढल्यासारखं. एक डबा आडवा पडला होता, तो तिनं बाजूला केला. सांधा लागला. बोटाला कळत होतं, दोन रुळांत फट पडली होती, केसाएवढी. एवढ्यासाठी सगळं.

त्याच्या पुढे काच लागली. टिकटिक बोटात जाणवली. तिनं पट्टा चिमटीत पकडून ओढला. येईना. कुठं अडकलाय म्हणून तिनं चाचपलं. बक्कल लागलं, आणि ते लावलेलं होतं. शेवटच्या भोकात नव्हे. मधल्या भोकात, आईला नेहमी लागायचं तिथं.

पट्ट्याच्या आत ऊब होती.

तिचं बोट खाली घसरलं. मोठ्या माणसाचा हात, ओळखीचा, कामानं राठ झालेला. अंगठ्याच्या बुडाशी जाड वण.

तो हात वळला. त्यानं तिची बोटं धरली नाहीत. बोटं सोडवून घेता येतात. त्यानं थेट मनगट पकडलं.

७

"आई," ठिणगी म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडलं तर हे खरं आहे असं होईल, एवढं डोकं अजून चालत होतं.

आई चौकटीत आली. बॅग डाव्या हातात होती. तिनं ठिणगीचा दंड बोगद्यात कुठवर गेलाय ते बघितलं, भाजी शिजली का ते बघावं तसं, आणि बाबांकडे वळून म्हणाली, "हिचा लांब जातो माझ्याहून."

"हो. सांध्याच्या पुढेही पोचेल," बाबा म्हणाले. ते खूश होते.

"ओढू नकोस," आई ठिणगीला म्हणाली. "ओढलं की दुखतं. मीही पहिल्यांदा ओढत होते. दिवसभर झोंबतं, मग लहान व्हायला लागतो, मग आपोआप निघतो. मग आतबाहेर करता येतं."

"तू मला यासाठी बोलावलंस?"

आईनं जरा विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "मी यांना सांगून बघितलं," ती म्हणाली. "डोंगर फोडा म्हटलं. ते म्हणाले, मोडायचं नाही. मग कुणाचातरी हात लागणारच ना."

"सोडायला सांग त्याला. आई. तुझाच आहे ना तो? सांग."

"माझाच आहे म्हणून तर," आई म्हणाली. तिच्या आवाजात माया होती, खरीखुरी, आणि तेच ऐकवत नव्हतं. "रस्ता ओलांडताना मी तुला कधी सोडलंय का?"

हॉर्न पुन्हा वाजला. ठिणगीनं दुसऱ्या हातानं दाराची कड पकडली, पाय रोवले आणि सगळा जोर लावला. घोडे करकरले, स्टेशनाचं छप्पर थरथरलं, चहापूड सांडली. आतली पकड वाढली नाही आणि सैलही झाली नाही. तिला फक्त एवढं जाणवलं की बोटातली अंगठी, जी साबण लावूनही कधी निघत नव्हती, ती सहज सरकून आत कुठंतरी पडली. तिचा आवाज बऱ्याच उशिरा आला.

बाबांनी हातोडी कपाटावर ठेवली, वर, नीट आत सारून. मग डबे रुळावर बसवले.

आई फाटकापर्यंत पोचली होती. खोलीला दार नव्हतं, त्यामुळे चौकटीतून बैठक, बैठकीतून उंबरा, उंबऱ्यापलीकडे टॅक्सी, असं सगळं सरळ दिसत होतं. टॅक्सीवाल्यानं बॅग ठेवली. आई आत बसली, काच खाली केली. मग तिनं उजवी बाही मागे सारली आणि हात खिडकीतून बाहेर काढून हलवला. गुलाबी, गुबगुबीत, एवढासा हात. आगगाडीच्या खिडकीतून लहान मूल हलवतं तसा, गाडी वळणाआड जाईपर्यंत.

"आता स्थिर ठेव," बाबा म्हणाले, आणि त्यांनी बटण फिरवलं.